शांत माणसांची वस्ती

४ मार्च, सोमवार

किळस आली आज. एजंटने तीन घरं दाखवली. पहिल्याच्या न्हाणीघरात आधीच्या भाडेकरूचे केस जाळीत तसेच अडकलेले. "त्यात काय मॅडम, एका दिवसात साफ करून देतो." मग आज का नाही केलंस बाबा? दुसऱ्या इमारतीत लिफ्टच्या कोपऱ्यात थुंकलेलं, आणि वर पाटी — आपली इमारत, आपला अभिमान! तिसरं घर बरं होतं, पण मालक! "मिस्टर कुठे असतात?" लग्न केलेलं नाही म्हटलं. "मग येणारंजाणारं कोण असेल?" हे विचारताना त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती. पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तेव्हा कुठे श्वास घेतला.

लोकांना वाटतं, पालिकेच्या कचरा खात्यातली बाई, हिला कसली आलीय किळस. कचऱ्याची येत नाहीच मला. सडलेली भाजी सडलेली असते, सोज्वळपणाचा आव आणत नाही. माणसं आणतात.

५ मार्च

दादाचा फोन. "बाबांना कधी नेतेस?" बदली होऊन इथे आले त्याला आठवडा नाही झाला, आणि हा असा विचारतोय जसं एखादं कपाट न्यायचंय. मागून वहिनीचा आवाज — "रात्रभर खोकतात, पोरांचा अभ्यास होत नाही." बाबांचा दमा पोरांच्या अभ्यासाच्या आड येतो! महिनाअखेर नेते म्हटलं.

बाबांना फोन दिला तर म्हणतात, "मला घाई नाही गं. फक्त खिडकी उघडता येईल असं घर बघ." दादाकडे खिडकी उघडली की समोर बेकरीची चिमणी. चार वर्षं ती खिडकी बंद आहे.

८ मार्च

मला इथे आणलंय ते ट्रान्स्फर स्टेशनसाठी. म्हणजे गल्लीबोळातल्या छोट्या गाड्यांनी कचरा आणून ओतायचा आणि मोठ्या गाड्यांनी तो गावाबाहेर न्यायचा, ती मधली जागा. खात्यात तिला स्टेशन म्हणतात, लोक उकिरडा म्हणतात. लोकांचं बरोबर आहे.

आज साहेबांबरोबर पहिली जागा पाहायला गेलो. उंची वस्ती, कुत्र्यांनासुद्धा अंगरखे. जीपमधून उतरतोय तोच घोळका अंगावर आला. एक गोरीगोमटी बाई माझ्या तोंडापासून बोटभर अंतरावर येऊन ओरडत होती. "आमच्या दारात घाण नको." मी विचारलं, तुमच्या घरातली घाण कुठे नेऊ मग? "ते तुमचं काम!" एकाने आमचा नकाशा हिसकावून फाडला. तुकडे तिथेच टाकले, रस्त्यावर. स्वच्छतेसाठी भांडत होते ना!

साहेबांनी जीप वळवायला सांगितली.

११ मार्च

दुसरी जागाही गेली. तिथल्या पुढाऱ्याने आधी माणसं जमवली, मग साहेबांना बाजूला घेऊन खांद्यावर हात टाकला. जागा रद्द. साहेबांना वरून विचारणा झालीय म्हणतात, दिवसभर ते कोणाशी धड बोलले नाहीत.

संध्याकाळी अजून दोन घरं. एकात ओल, दुसऱ्यात ढेकूण. एजंट म्हणतो, "मॅडम, तुम्ही फार नाक मुरडता." कामच आहे माझं ते, म्हटलं.

१२ मार्च, मंगळवार

मिळालं!

एजंटने नाही दाखवलं. वाट चुकून एका रस्त्यात शिरले. बैठी घरं, फार तर एक मजला. अंगणं झाडलेली. एका फाटकावर 'खोल्या भाड्याने देणे आहेत'. आतून मालकीणबाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. त्यांनी मिस्टर विचारले नाहीत. कोण कोण राहणार एवढंच विचारलं. मी आणि वडील, त्यांना दमा आहे, असं सांगितलं. त्या उठल्या आणि मागच्या खोलीची खिडकी उघडून दाखवली.

मागे बंद पडलेली लाकडाची वखार. मोठं थोरलं मोकळं आवार, मधोमध जुनी झाडं, पलीकडून सरळ वारा. लाकडाचा थोडा वास अजून येतो. मी तिथे उभी राहिले आणि मला कशाचीही किळस आली नाही. किती दिवसांनी!

"आता त्यांना कोणी घालवणार नाही इथून," मालकीणबाई म्हणाल्या. मी घालवण्याबद्दल बोललेच नव्हते. कळलं त्यांना.

१८ मार्च

सामान लावून झालं. मालकीणबाईंना मावशी म्हणायला लागले. शेजारचा शिंपी न सांगता नळाचा वायसर बदलून गेला. इथे कोणी आवाज चढवत नाही. परवा पाणी आलं नाही, तर सगळे निमूट बादल्या घेऊन कोपऱ्यावरच्या विहिरीला. तक्रार का करत नाही, विचारलं. मावशी म्हणाल्या, "येईल की उद्या."

आज साहेबांनी चहा पाजला. तोंड एवढंसं झालेलं त्यांचं. "घर मिळालं का?" मला विचारायचाच अवकाश! सुटले सांगत. रस्ता रुंद, माणसं देवमाणसं, भांडण नाही तंटा नाही, पाणी नाही आलं तरी ब्र काढत नाहीत, मागे बंद वखार म्हणून हवा मोकळी. साहेब बिस्किट चहात धरून ऐकत होते. "वखारीची जागा कोणाची?" मी म्हटलं, आपलीच, पालिकेची, भाडेपट्टा संपलाय, मावशींनी सांगितलं. बिस्किट चहात पडलं.

छान वाटलं, कोणीतरी इतकं मन लावून ऐकलं.

१९ मार्च

बाबांचं तिकीट काढलं. दादा म्हणाला, "बरं झालं." बहिणीशी बोलतोय की हमालाशी!

२६ मार्च

टेबलावर नवा नकाशा. तिसरी जागा. वखार.

आधी वाचलंच नाही नीट. मग वाचलं. साहेबांच्या खोलीत गेले, म्हटलं, तिथला वारा घरांकडे वाहतो. "पहिल्या दोन्हीकडेही वाहत होता की." मग म्हटलं, माझे वडील परवा येतायत, त्यांना दमा आहे. साहेब हसले. वाईट नाही हसले, तेच जास्त वाईट. "अहो, ते तर आणखी चांगलं. हरकती ऐकायला वस्तीत सभा घ्यायचीय, तिथे उठून एवढंच सांगा की मीही इथेच राहते, वडिलांना घेऊन. तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा."

बाहेर येऊन तोंड धुतलं.

२७ मार्च

एजंटला फोन केला. दुसरं घर बघा म्हटलं. "काय मॅडम, वास येतो का तिथे?" फोन ठेवला. ढेकणांच्या घरातसुद्धा इतकी किळस आली नव्हती मला. ती ढेकणांची होती.

२८ मार्च

बाबा आले. बॅग ठेवायच्या आधी खिडकी उघडली. शिंप्याने खुर्ची आणून दिली, मावशींनी उशी. दुपारभर तिथेच बसले. "कसला वास गं हा?" लाकडाचा, म्हटलं. "बरा आहे." रात्री दोनदाच खोकले.

एजंटचा निरोप होता, घर पाहायला या. गेले नाही. मी बाबांना घेऊन जाईन, पण मावशी कुठे जातील? ज्या लोकांनी आमचा नकाशा फाडला त्यांच्या दारात घाण जाणार नाही, आणि ज्यांनी वायसर बदलला त्यांच्या दारात जाणार. आणि बोट मी दाखवलं.

४ एप्रिल

ठरलं. शनिवारी सभेत उठून सांगणार. वारा कुठे वाहतो, पाणी कुठे झिरपतं, सगळं. माझा विरोध आहे म्हणणार. नोकरी गेली तर गेली. मावशींना आज पायरीवर एवढंच म्हटलं, सभेला नक्की या, गप्प बसू नका. "तू असल्यावर आम्हाला कसली काळजी," म्हणाल्या. खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

६ एप्रिल, शनिवार

साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? मी उभी राहत होते, तोच मावशी उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलत असतील. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही त्याच खात्यात आहे आणि आमच्यात राहते. वाईट असतं तर दम्याच्या वडिलांना इथे आणलं असतं का हिने? आमची हरकत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बाबा होते. अभिमानाने मागे वळून बघत होते माझ्याकडे.

आता खरं सांगायचं तर जागा मीच दाखवली, इथपासून सांगावं लागलं असतं.

मी अर्धी उठले होते. बसले.