काळी पट्टी तशीच राहू द्यावी

प्रति,
मा. तपासणी अधिकारी (जडवस्तू),
ग्रामीण वाचनालये कक्ष,
वाशिम.

अर्जदार : घेवरचंद हस्तीमल छाजेड, धंदा पूर्वी कापडदुकान, सध्या गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस, रा. मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम.

विषय : वाचनालयाच्या संगणकातील हार्ड डिस्कची रिकामी झालेली जागा पुन्हा वापरात न आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले तपासणी पत्र. २) त्यावर अर्जदाराने दिलेला खुलासा. ३) त्या खुलाशावरील आपला शेरा, ‘समाधानकारक नाही’.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर वाचनालयास शासनाकडून मिळालेला संगणक जडवस्तू नोंदवहीत ‘हार्ड डिस्क पाचशे जी.बी.’ असा नोंदलेला आहे. सप्टेंबरातील तपासणीत ती डिस्क मोजमापात जेमतेम निम्मीच भरली. उरलेली जागा पडद्यावर काळ्या पट्टीच्या रूपात दिसते व तिच्यावर ती कोणालाच नेमून दिलेली नाही, अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येतो. निम्मी शासकीय मालमत्ता कुठे गेली, असे आपण विचारले. ती कुठेही गेलेली नाही, जागच्या जागी आहे, फक्त रिकामी आहे, असे अर्जदाराने कळवले. त्यावर, रिकामी असल्यास ती मुख्य भागाला जोडून तात्काळ वापरात आणावी व अनुपालन कळवावे, असे आपले आदेश झाले. हे काम दोन मिनिटांचे आहे हे अर्जदारास मान्य आहे. त्याला ते करायचे नाही, एवढीच अडचण आहे.

२. ती जागा रिकामी कशी झाली हे आपल्या नमुन्यातील ‘कारण’ या रकान्यात मावत नाही, म्हणून येथे नमूद करण्यात येते. अर्जदाराची पत्नी कै. अंगुरीबाई ही दर बुधवारी दुपारी वाचनालयात गावातील वयस्क बायांना मोठ्याने वाचून दाखवत असे. ज्यांना अक्षर येत नाही, ज्यांना येते पण दिसत नाही, अशा सगळ्या येत. पेपर वाचे, गोष्टी वाचे, आणि गोष्टीतला नवरा फारच शहाणपणा करू लागला की मधेच थांबून त्याची हजेरी घेई. पुढे तिचे गुडघे गेले. मग जिना चढवत नसेल त्या बुधवारी खंड पडू नये म्हणून ती आपले वाचन या संगणकात भरून ठेवू लागली. नात जिनल पुण्याला असते. तिने सुट्टीत येऊन डिस्कचे दोन भाग केले व सगळ्याची एक प्रत पहिल्या भागात, एक दुसऱ्या भागात, अशी व्यवस्था लावून दिली. एक गेली तर एक राहील, असे ती म्हणाली होती. पोरगी हुशार आहे, तिचे काहीच चुकले नाही.

३. अंगुरीबाई गेल्या माघात वारली. तेव्हापासून अर्जदाराने बुधवारी तो संगणक लावला नाही. बाया येत, बाकावर बसत, पाणी पिऊन जात. त्यांतील श्रीमती सोजरबाई, ज्यांना दोन्ही डोळ्यांनी आता अंधूकच दिसते, दर खेपेला म्हणत, “शेठजी, शेठाणीले लावा ना. काहून बंद ठेवून राह्यले?” अर्जदार त्यांना मशीन बिघडले आहे असे सांगे. मशीन ठणठणीत होते. अर्जदाराला तो आवाज ऐकवत नव्हता.

४. यंदाच्या पर्युषणात, चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींच्या प्रवचनात, अपरिग्रहाचे पच्चखाण देण्यात आले. म्हणजे असे की, घरात जी वस्तू दोन आहे तिच्यातली एक सोडायची आणि तसा नेम घ्यायचा. अर्जदाराने तो आनंदाने घेतला. महोदय, त्याच्या घरात सगळेच दोन-दोन होते आणि माणूस एकच उरले होते. दोन खाटा, दोन कपबशा, दोन छत्र्या. एकेक वस्तू देऊन झाल्यावर बरे वाटले. मग त्याला संगणकातली दुसरी प्रत आठवली. वाचनालय घर नव्हे, ही गोष्ट त्या वेळी त्याच्या ध्यानात आली नाही. जेथे अंगुरीबाईचा आवाज दोनदा आहे तेथे एकदा पुरे, असे त्याला वाटले.

५. येथे एक तांत्रिक बाब निदर्शनास आणणे आवश्यक आहे. दुसरा भाग पुसताना संगणक एक चौकोन दाखवतो व त्यात ‘क्विक’, म्हणजे लवकर, या शब्दापुढे आधीच खूण केलेली असते. अर्जदाराने ती खूण काढून टाकली. नेमाचे काम आहे, त्यात घाई कसली, असा त्याचा विचार होता. संगणकाने मग दुपारभर सावकाश काम केले. अर्जदार समोर नवकार मंत्र म्हणत बसला होता. शेवटी संगणकाने भाग पूर्ण काढून टाकायचा का, असे विचारले व अर्जदाराने ‘येस’ दाबले. काळी पट्टी तेव्हापासूनची आहे.

६. संवत्सरीला आमच्यात सगळ्यांची क्षमा मागतात. वर्षभरात कोणाला दुखावले असेल त्याच्याकडे जाऊन हात जोडतात. गावात फिरून झाल्यावर अर्जदार वाचनालयात आला. एकीची राहिली होती. तिचा आवाज लावावा आणि त्यापुढे हात जोडावेत, असे त्याने मनाशी योजले होते. पहिल्या भागातला तिचा कप्पा उघडला तर आत काहीच नव्हते.

७. जिनलला फोन केला. ती म्हणाली, “दादाजी, मागच्या पर्युषणात दादीनं मला विचारलं होतं, एकच वस्तू दोन जागी असेल तर एक काढायची कशी. मीच सांगितलं. तुम्हाला बोलायचं नाही म्हणाली. व्रत सांगून केलं की त्याचं पुण्य जातं म्हणाली.” म्हणजे मागच्या वर्षी तेच पच्चखाण अंगुरीबाईनेही घेतले होते. पहिली प्रत तिने काढली, दुसरी ठेवली; बुधवारी अर्जदार पडद्यावरची जी खूण दाबून तिचा आवाज लावे ती त्या दुसऱ्या प्रतीचीच होती, हे त्याला ठाऊक नव्हते. मागच्या वर्षीच्या त्या प्रवचनाला अर्जदारही शेजारीच बसला होता, पण त्याचा डोळा लागला होता. पन्नासेक वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना न विचारता केलेले हे बहुधा एकमेव काम असावे, आणि ते दोघांनी चोख केले.

८. अर्जदार संगणक मांडीवर घेऊन एस.टी.ने वाशिमला गेला. तेथील दुरुस्ती करणारे श्री. नवीन यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. पहिल्या भागात वर्षभर कार्यालयीन पत्रव्यवहार साठवत गेल्याने जुने सगळे त्याखाली गेले, असे त्यांचे मत पडले. काळ्या पट्टीविषयी ते म्हणाले, “काका, ते क्विक राहू दिलं असतं तर काही ना काही निघालं असतं. तुमी तं कोपरा न कोपरा पुसून काढला. त्यात आता काहीच नाही.” अर्जदाराने पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी चहा मागवला. पैसे घेतले नाहीत, त्यावरूनच अर्जदार काय ते समजला.

९. यानंतर आपले आदेश आले. पुढच्या बुधवारी बाया आल्या तेव्हा अर्जदाराने खरे सांगायचे ठरवले होते. संगणक लावला, ती पट्टी दाखवली. सोजरबाई उठून जवळ आल्या, पडद्याला डोळे लावले, मग हातानेच चाचपले. “हे काळंकाळं हाये, यातच हाये ना शेठाणी?” अर्जदार ‘हो’ म्हणाला. “मंग राहू द्या. त्याले हात नोका लावू कोनी.” आणि त्या परत बाकावर जाऊन बसल्या. सत्याचेही एक व्रत असते, ते त्या दिवशी पुन्हा मोडले. त्याचे प्रायश्चित्त अर्जदार आपल्या परीने करीत आहे, त्याचा भार आपल्या कार्यालयावर टाकण्याचा हेतू नाही.

१०. आता दर बुधवारी बाया येतात. अर्जदार संगणक लावून ती पट्टी पडद्यावर ठेवतो. काही वेळाने एखादी शेठाणीची एखादी गोष्ट आठवून सांगू लागते, दुसरी ती चुकली म्हणून भांडते. त्यात काहीच नाही हे त्या खोलीत फक्त अर्जदाराला ठाऊक आहे. कधी कधी त्याचाही विश्वास बसत नाही.

११. आपल्या नमुन्यात ‘चालू’, ‘बंद’ व ‘नादुरुस्त’ असे तीनच रकाने आहेत. सदर जागा या तिन्हींत बसत नाही. तरी चौथा रकाना आखून त्यात ‘राखीव’ अशी नोंद व्हावी, ही नम्र विनंती. त्या जागेत अनुदानाचे तक्ते, हजेरी किंवा परिपत्रके भरली जाऊ नयेत. अशी तरतूद नियमांत नाही हे अर्जदार जाणतो. अर्ज मंजूर होईल असे त्याला वाटत नाही. दुकानात बसून आयुष्य गेले, कोणते गिऱ्हाईक घेणार नाही हे त्याला पायरीवरूनच कळत असे.

१२. सबब, विनंती फेटाळायचीच झाल्यास ती जागा जोडण्यासाठी कृपया आपल्या कार्यालयातून माणूस पाठवावा, बुधवार सोडून कोणत्याही दिवशी. अर्जदार किल्ली देईल, खुर्ची देईल, चहा देईल. जोडतानाही संगणक पुन्हा विचारणार, पुढे जायचे का. अर्जदाराने एकदा ‘येस’ दाबलेले आहे. दुसऱ्यांदा त्याच्याने होणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,
(सही) घेवरचंद हस्तीमल छाजेड
मेडशी, दि. ८ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) आपल्या आदेशाची झेरॉक्स.
२) काळ्या पट्टीचे छायाचित्र.
३) बुधवारी येणाऱ्या बायांचे अंगठे. (कशासाठी ते त्यांना सांगितलेले नाही. शेठाणीसाठी, एवढेच सांगितले.)
४) या अर्जाच्या दोन प्रती. नेमाप्रमाणे एकच द्यायला हवी होती. दुसरी कृपया वेगळ्या कपाटात ठेवावी.