खचलेली मोजपट्टी

१२ नोव्हेंबर

चि. घुम्यास अ. आ.

पत्र पोचलं. लहानपणी दिवस दिवस तोंड उघडत नव्हतास, आणि आता चार पानं लिहून शेवटी नदीचे आकडे मागतोस! ते जमणार नाही, बाबा. दोन राज्यांचं भांडण मिटेपर्यंत आमच्या नोंदी सीमेपलीकडे द्यायच्या नाहीत, असा वरून हुकूम आहे. दोघांनी मिळून पाण्याचा एकच आकडा मांडल्याशिवाय केंद्र धरण-कालव्यांना दमडीही देणार नाही, हे मलाही कळतं. पण मी इथली मोजणीदार आणि तू तिथला इंजिनिअर. माझा जीव माग, आकडा मागू नकोस.

हल्ली सकाळी असं धुकं उतरतं, की होडी पाण्यावर आहे की ढगात, समजत नाही. पात्रात रोवलेल्या मोजपट्टीपाशी पोचेपर्यंत मी कोणत्या राज्यात आहे तेच विसरते.

तब्येतीची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

२५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कान धरले. पुन्हा मागणार नाही. पण आमच्या कालव्याच्या टोकाच्या गावांत पाणी पोचत नाही, आणि तुमचं खातं म्हणतं भरपूर सोडलंय. म्हणून साहेबांना म्हटलं, दोन्हीकडच्यांनी एकाच दिवशी, एकाच होडीतून मोजावं. ते हसले, म्हणाले, सख्खी बहीण पलीकडे असताना दुसऱ्या कोणाला पाठवू? तुमच्या साहेबांचाही होकार आलाय. नऊ तारखेला येतो. सहा वर्षांनी भेटणार, तेही सरकारी खर्चाने!

माया आहे ती वाढो.

तुझा घुम्या

१४ डिसेंबर

चि. घुम्यास अ. आ.

त्या दिवशी तुझा आकडा माझ्यापेक्षा चार बोटं कमी आला, आणि आमचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले की तुझं यंत्र बिघडलंय. तू निमूट सामान आवरून गेलास. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या सकाळी धुक्यात एकटीच गेले. बाही सारून पट्टीच्या कडेने हात पाण्यात खाली नेला. दगडी पायरीशी जुळायला हवी ती रेघ पायरीच्याही चार बोटं खाली. पट्टी गाळात खचली होती. पट्टी खाली गेली की पाणी चढलेलं दिसतं. म्हणजे किती वर्षं कोण जाणे, नसलेलं पाणी मी वहीत लिहीत होते. हात बधिर होईतो तशीच बसले. वाटलं, हे स्वप्न असेल, थोडं थांबलं तर रेघ आपोआप वर येईल. पाहणारं कोणी नव्हतं.

मग ऑफिसात जाऊन लिहून दिलं, आणि तुमच्या साहेबांनाही प्रत धाडायला सांगितलं. मला कामावरून बाजूला केलंय. अठरा वर्षांची वही दुसऱ्याच्या हाती दिली. आता घरी बसून नदीचा आवाज ऐकते. तुझंच खरं होतं रे.

आठवण ठेव.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल करारावर सह्या झाल्या. दोन्ही राज्यांचा आकडा एक, त्यामुळे केंद्राचा निधीही मंजूर! तुझी कबुली सभेत वाचली गेली, तेव्हा तुमचे साहेब चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

सीमेवर आता दोघांची मिळून एकच चौकी, एकच मोजणीदार. नाव प्रत्येक राज्याने बंद पाकिटात द्यायचं होतं. नात्यामुळे मला बाहेर बसवलं, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. पाकिटं उघडल्यावर केंद्राचे अधिकारी बाहेर आले आणि मला म्हणाले, या दोन राज्यांनी न भांडता एकच नाव लिहिलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

हुकूम मागाहून येतोय. सोमवारी रुजू व्हायचंय, ताई.

तुझा घुम्या