डाव्या बाजूची घंटी

दि. ४, सकाळ

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई आणि मी मजेत आहोत. ठिणगीचे व्हिडिओ रोज पोचतात. नातीची टोपी आपण विणली, हे आई शेजारणींना दर व्हिडिओला नव्याने सांगते. ठिणगी मात्र माझ्यावर रुसलीय बहुतेक. विमानतळावर ती तुझ्या कडेवर असताना मी तिच्या कानात एक गुपित सांगितलं, तर बाईसाहेबांनी मान झटकली आणि निघाल्या.

आता कामाचं. तू व्हिडिओवर गाणी चढवतेस, त्याखाली काही ऐकू येत नाही. कालचा पुलाजवळचा बिनगाण्याचा आला. ठिणगी पुढे पळतेय, तू फोन धरून चार पावलं मागे. डावीकडून सायकलवाला तीनदा घंटी वाजवतो. ही ढिम्म. शेवटी तोच वळसा घालून जातो. मग उजवीकडे लांब कुठे कुत्रं भुंकतं, तर ही दचकते. मी ते अकरा वेळा ऐकलं. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या त्या कान लावूनच. पोरीच्या डाव्या कानात काहीतरी गडबड आहे.

फोन तू रागाने ठेवून देतेस. पत्र निदान वाचून फेकशील, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो धाडतोय. चित्रण बंद कर आणि तिचा हात धर.

मायेत खंड नसावा, उत्तरालाही नसावा.
बाबा

दि. ४, दुपार

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पंख्यापासून जावयापर्यंत सगळ्यांत खरखर ऐकू येते. लग्नाआधी यांचं घोरणं ऐकून तुम्ही यांना तपासून आणायला सांगितलं होतंत, मी विसरले नाही.

ठिणगी चार वर्षांची आहे आणि हट्टी आहे, एवढंच. बालवाडीच्या बाईसुद्धा म्हणतात, ऐकून न ऐकल्यासारखं करते. फोनवर तुमच्या गोष्टी ऐकते की नाही? विमानात सगळी पोरं किंचाळत होती, ही उजव्या कुशीवर ढाराढूर. किती शहाणी, म्हणून हवाईसुंदरीने कौतुक केलं.

वर्षभराची रजा साठवून आम्ही दोघी परदेश बघायला आलोय. मोठी झाल्यावर तिला यातलं काही आठवणार नाही, म्हणून मी टिपून ठेवतेय. त्यात तरी बिघाड शोधू नका. आईला घाबरवू नका.

लोभ असू द्या, थोडा लांबून.
तुमची छोटी

दि. ४, संध्याकाळ

चि. छोटीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रातच उत्तर आहे. उजव्या कुशीवर म्हणजे उजवा कान उशीत. माझा फोन ती कुठल्या कानाला लावते, आठवून बघ. आपल्याकडे रस्त्यात उतरलं की गाड्या आधी उजवीकडून येतात. तिकडे डावीकडून.

ती उजव्या कुशीवर जागी पडलेली असताना, पाठीमागून, तिला न दिसता हाक मार. मी खोटा ठरलो तर जन्मभर चिडव.

आणि एक. विमानतळावर मी डाव्या कानात बोललो होतो. मीही रुसवाच समजलो. तुला कुठल्या तोंडाने बोल लावू?

माया आहे तेवढीच राहू दे, राग वाढला तरी.
बाबा

दि. ६

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्हाला खोटं पाडायचं म्हणूनच तिचा हात धरून निघाले. कोपऱ्यावर डावीकडून ट्राम आली, घंटा बडवत. सगळे थांबले. ठिणगी बडबडत सरळ रुळावर उतरली. मी खेचलं. तिचा एक बूट तिथेच राहिला. ट्राम थांबली तेव्हा तो चाकाखाली होता. आपला बूट मोडला म्हणून ती रडत होती आणि मी तिला घेऊन फुटपाथवर बसले होते, किती वेळ ते माहीत नाही.

दुपारी ती बाहुली घेऊन उजव्या कुशीवर पडली, तेव्हा पाठीमागून हाक मारून पाहिली. मग मोठ्याने मारली. मग ताटली पाडली. ती बाहुलीची वेणी घालत राहिली.

आज कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डावा कान जवळजवळ बंद आहे म्हणाल्या, उजवा उत्तम; पण रस्त्याच्या गलक्यात एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही. इलाज होईल की नाही, ते पुढच्या तपासण्यांनंतर. कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. मी आई, आणि मला सांगता येईना. मग दवाखान्याच्या बाकावर बसून तिचे जुने व्हिडिओ गाण्यांशिवाय ऐकले. पहिल्या वाढदिवसाला डावीकडे फुगा फुटतो, ती दचकते. दुसऱ्या वर्षीच्या तापानंतरच्या व्हिडिओत मी डावीकडून सात हाका मारते. आठव्या वेळी तिला हट्टी म्हणते. दोन वर्षं ते माझ्याच फोनमध्ये होतं, बाबा.

तुमच्या गुपिताचं तिला विचारलं. ती म्हणते, आजोबांनी कानात फुंकर मारली, गुदगुल्या झाल्या म्हणून मान हलवली. रुसली नव्हती. संध्याकाळी फोन करा. मी तो तिच्या उजव्या कानाला लावून बाहेर उभी राहीन. चित्रण करणार नाही.

लोभ असावा, जवळून.
तुमची छोटी