गेला म्हणजे कुठं गेला

३ ऑगस्ट, रवि.
शहाजी अखेर जामिनावर घरी. गावच्या पाण्याची मोटार चोरली म्हणून केस. खटला अजून सुरूच नाही. माझ्या या धाकट्या भावाचा खरा गुन्हा एवढाच, की सरपंच बापूरावांविरुद्ध उभा राहतो म्हणाला.
कुपवाडचं वर्कशॉप बंद ठेवून गावी आलो. सहज मतदारयादी बघितली. शहाजीचं नाव नाही. मयत म्हणून कमी केलंय. मयत माणूस समोर बसून तिसरी भाकरी मागत होता. लय हसलो. आतून मात्र...

१० ऑगस्ट, रवि.
यादीचं काम करणारे मास्तर उंब्रजला गाठले. साधा माणूस. घरोघर न जाता पंचायतीत बसूनच विचारलं, म्हणाले. शहाजीचं नाव निघाल्यावर बापूंनी डोक्यावरची टोपी काढली, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "ग्येला."
मास्तरांनी मयत लिहिलं. "कुटं ग्येला, ते इचारायचं राहिलं, दादा."
मेलेल्याला आणि एसटीत बसलेल्याला आपल्याकडं शब्द एकच. बापूंना ते पक्कं ठाऊक. हा शब्द त्यांच्या घशात घातल्याशिवाय सोडणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.
तहसीलात सुनावणी. शहाजीला नुसता उभा केला. साहेबांनी त्याला पाणी विचारलं, तो प्याला. पुरावा झाला.
बापू ऐकतायत होय? "म्या खोटं काय बोललो? ग्येलाच हुता की. तुरुंगात."
"आवं बापू, मग टोपी कशाला काढली?" मी विचारलं.
शिपाईसुद्धा हसला. नाव यादीत परत घालायचा हुकूम झाला. बाहेर मीच बापूंना चहा पाजला. साखर जास्त घालायला सांगितली. त्यांना डॉक्टरनं बंद केलीय.

५ ऑक्टो., रवि.
सांगलीत आमचं नेहमीचं काम. वकीलबाई, मी, अजून दोघंतिघं. खटला न चाललेल्या गरिबांना जामीनदार मिळवून द्यायचे. आत आहे तोवर मत नाही. बाहेर आला की आहे. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं.
गावातली, बापूंनी कुठल्या ना कुठल्या केसमध्ये अडकवलेली पोरं शोधून बाहेर काढतोय. प्रत्येकाला पोचवायला मी स्वतः जातो, बापूंच्या दारावरनं. बाई याला सुधारणा म्हणतात. मी काही म्हणत नाही.
शहाजीनं सरपंचाचा अर्ज भरायचं ठरवलंय.

४ नोव्हें., मंगळ.
परवा मतदान. लढत अगदी काट्याची.
आणि काल बापूंचा पोरगा विक्रम आत. हायवेवरच्या ढाब्यावर मारामारी. जामीन झालाय, पण जामीनदार नाही. बापू त्याच केसमध्ये आरोपी, स्वतःच जामिनावर, त्यांची जामीनदारी चालत नाही. भावकी वारं बघून गप्प.
संध्याकाळी बापू आले. एकटे. बस म्हणालो, बसले नाहीत.
"मताचं सोड रं. पोरगं कवा आत ऱ्हायलं न्हाई. तुझ्याबिगर कोन न्हाई."
ही वेळ कितीदा मनात घोळवली होती. काय काय बोलायचं ते पाठ होतं. नुसतं बघतो म्हणालो.
ते गेल्यावर शहाजी म्हणाला, "काढ त्याला, दादा. आत डास लय हायत."
मी म्हटलं, परवा संध्याकाळी काढू. मतदान उरकल्यावर. तो प्रचाराला निघून गेला.
बाईंचा फोन आला. उद्या सकाळी कोर्टात येऊन सही केली तर दुपारपर्यंत पोरगा घरी. "आपण कोण कुणाचा ते बघत नाही ना?"
नाही म्हणालो. पण उद्या वर्कशॉपला काम फार आहे, म्हणालो.
उद्या वर्कशॉपला सुट्टी असते. बाईंनाही माहीत आहे.
त्या "बरं" म्हणाल्या. शब्दामागचं काय ते माझ्या कानाला लगेच कळतं. हे बरं होकाराचं नव्हतं, माझं खोटं कळल्याचं होतं.