तीन उजवे हात आणि निळी तूर

प्रिय बाबा,

१. सोमवारी सकाळी धान्य चाळायचं यंत्र टेम्पोत चढलं. हुकूम नामदेवकाकांचा.
२. तासाभरात उतरलं. हुकूम शालूताईंचा.
३. दुपारी त्याला पुन्हा निळा रंग मारला. हुकूम गजाननभाऊंचा.
४. रंग ओला असतानाच ते कळमन्याच्या धान्यबाजारात व्यापाऱ्याकडे गेलं. हा हुकूम कोणाचा, कोणी सांगत नाही.
५. व्यापाऱ्याची तूर निळी झाली.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. पत्र आत्ता लिहिते, कारण व्यापारी शनिवारी कारखान्यात येतोय. त्याला एकच नाव हवंय, ज्याच्या शब्दावर काम होईल असं. नाहीतर पुढची सहा यंत्रं तो दुसरीकडून घेणार. सहा यंत्रं म्हणजे आपलं उन्हाळ्यापर्यंतचं काम, बाबा!

मंगळवारी मी तक्ता काढला. कोण कोणाला विचारणार, कोण कशाला जबाबदार. एका माणसाला एकच वरिष्ठ, हे इंजिनिअरिंगला असताना शिकले होते. सोपं वाटलं होतं.

तिघांनीही सगळ्यात वरच्या चौकटीत आपलं नाव शोधलं.

"ताई, माहं नाव खाली काहून?" गजाननभाऊ म्हणाले. "तुमच्या बाबांनी मले टपरीवर नेऊन सांगतलं होतं, माह्या मागं तूच पाहाजो."

"तुले? काहून फेकून राहिला गा!" शालूताई उसळल्या. "मले म्हणे, तूच माहा उजवा हात. कोणाले सांगू नको."

नामदेवकाकांनी चष्मा पुसला. "मले तर तर्री-पोहे खाऊ घातले होते."

यावर दोघंही तक्त्यापासून मागे सरकले! पोहे हा अधिकाराचा पुरावा होत नाही, हे मी सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

असं का केलंत, बाबा? प्रत्येकाला खूश ठेवायला? ते खूश होते, हे मान्य. आणि इतकी वर्षं तिघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. तुमचा एवढा एकच हुकूम तिघांनीही तंतोतंत पाळला.

मला मात्र टपरीवर कधी नेलं नाहीत. तक्रार नाही, नोंद आहे. पुण्याची नोकरी सोडून मी परत येईन, असं तुम्हाला वाटलं नसेल. की विचारायचंच राहिलं? मी 'हो' म्हटलं असतं. पोह्यांशिवायसुद्धा.

वरची चौकट अजून रिकामी आहे. तुमच्या मनात खरंच कोणी असेल, तर ते नाव मी निमूट लिहीन. उत्तर आलं नाही, तर माझं लिहीन. आणि वचन देते, तिघांना समोरासमोर बसवून, एकाच वेळी, मोठ्याने सांगेन. कोणालाही बाजूला नेणार नाही.

कृपया शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे.

तुमची,
मुक्ता