अर्धी वाकळ

माधवनगर, ६ जानेवारी २०२५

ती. आज्जीस,
सा. न. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर रविवारी मुलांसाठी कापडाचे खेळ सुरू केलेत. तुझ्या जुन्या लुगड्यांची मोठी वाकळ शिवून भिंतीवर टांगली. तिला खिसे, बटणं, नाड्या लावल्या. मुलांनी ओढावं, बांधावं, सोडावं म्हणून. काल अकरा मुलं आली आणि हाताची घडी घालून रांगेत उभी राहिली! बोटसुद्धा लावलं नाही. पुढच्या दोन रविवारी मुलं रमली नाहीत तर हॉल परत द्यावा लागेल. माझं काय चुकलं?

तुझ्या मायेची हक्कदार,
संयोगिता

रहिमतपूर, १० जानेवारी

चि. संयोगितास,
राहीबाईचा आशीर्वाद. बोलतेय मी, लिहितेय शेजारची अक्षता.

पत्रासोबतचा फोटो बघितला. वाकळ लय देखणी झालीया गं. माझ्या लुगड्यांना एवढा मान माझ्या लग्नातबी मिळाला नव्हता. पण बाई, भिंतीवर टांगलीस, आता हार तेवढा घालायचा राहिलाय. पोरं हात जोडून उभी राहिली न्हाईत हेच नशीब.

आपल्या अंगणात अर्धी वाकळ पसरलेली असली की आलेली बाई दोन टाके घातल्याबिगर उठत न्हाई. चंद्राबाई भांडायला आलेली, तीसुद्धा टाके घालून, चहा पिऊन गेली. पुऱ्या झालेल्या वाकळेला कोण हात लावतंय? खाली काढ. अर्धी उसव. कडेनं मोठ्या, बोथट सुया ओवून ठेव आणि गप बस. तुला गप बसणं जमायचं न्हाई, तरी बस.

लोभ पक्का शिवलाय, तो उसवू नकोस.
राहीबाई
(खाली अंगठा)

माधवनगर, २० जानेवारी

ती. आज्जीस,
सा. न. वि. वि. तीन महिन्यांचं काम उसवताना रडले. पण काल वाकळ जमिनीवर पसरली आणि तोंडावर हात ठेवून बसले. मुलं आधी पुन्हा रांगेतच उभी राहिली. मग सात वर्षांची राजेश्वरी, हे कुणीतरी अर्धवटच टाकलंय असं पुटपुटत खाली बसली. पाठोपाठ सगळी! सिद्धूनं स्वतःची बाहीच वाकळेला शिवून टाकली. घरी जायला कुणी तयार होईना. हॉल वर्षभरासाठी मिळाला, आज्जी!

मुलांनी एक कोपरा तुझ्यासाठी सोडलाय. वाकळ तूच येऊन पुरी करावीस असं त्यांचं म्हणणं.

वाट बघणारी,
संयोगिता

रहिमतपूर, २४ जानेवारी

चि. संयोगितास,
आशीर्वाद. येते. तुझ्या जालिंदरकाकाला रविवारी गाडी काढायला सांगितलीय. सिद्धूची बाही सोडवली नसशील तर तशीच ठेव, मला बघायचीय.

साठ वर्षं वाकळी शिवल्या, पण पुरी झालेली उसवायची छाती माझी कधी झाली न्हाई. ती तुझी झाली. हे तोंडावर सांगणार न्हाई, म्हणून लिहवून घेतेय.

त्या कोपऱ्यात माझे दोनच टाके घालीन आणि सुई ओवून तिथंच ठेवीन. पुरी केली तर पुढच्या रविवारी पोरं कशाला येतील?

माया आहे तशीच राहू दे.
राहीबाई
(खाली अंगठा)