कुंपणावरची पिरंडै

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार

आजही चंद्रमती जेवली नाही. चार चमचे ताक — बस्! कमलाक्षीला जाऊन आज दोन महिने. ताप आला काय, पाच दिवसांत गेली काय! ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवणारी, रोज संध्याकाळच्या बसनं घरी येणारी, एक्केचाळीस वर्षांची — तरी आमची पोरच. तेव्हापासून तिची आई भिंतीकडे तोंड करून पडलीय. बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, "मामा, पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

वडिलांच्या पोथीवर बोट फिरवत ही मराठी अक्षरं एकट्यानं शिकलो. या तमिळ गल्लीत कुणाला ती वाचता येत नाहीत. बरंच आहे. इथं रडता येतं.

९ ऑगस्ट

मऊ रसमभात केला. नाही.

११ ऑगस्ट, रविवार

मागच्या कुंपणावर ती चौकोनी कांड्यांची वेल माजलीय. नुसती हाताला लागली तरी खाज! कोयता घेऊन गेलो, तर शेजारची जयलक्ष्मी ओरडली — "मामा, पिरंडै तोडून टाकता? खायची असते ती!"

"ही? चाळीस वर्षं उपटून फेकतोय!"

"मग चाळीस वर्षं काय जेवलात? परतून, वाटून चटणी करा. मेलेली भूक उठते."

मेलेली भूक. दिवसभर तेच डोक्यात.

१२ ऑगस्ट

कोवळी कांडी सोलली. तेलात परतली, उडीदडाळ, मिरची, चिंच घालून वाटली. हातांची आग आग! भातात कालवून एक घास तिला भरवला. गिळला! — आणि घसा धरून उठूनच बसली. खोकतेय, थुंकतेय. काय खाऊ घातलं मी!

"अहो —" दोन महिन्यांनी पहिला शब्द! "घसा खाजतोय. कच्चं ठेवलंत. मी अळू कधी असं ठेवते का? सरा बाजूला."

भिंत धरत धरत चुलीपाशी गेली.

१३ ऑगस्ट

तिनंच परतली, कांडी काळपट पडेस्तोवर. चिंच दुप्पट. मूठभर भात जेवली. मला दोनदा वेंधळे म्हणाली. किती बरं वाटलं!

१४ ऑगस्ट

संध्याकाळी तिनं तीन पानं मांडली.

"ओरत्तनाडूची बस येईलच आता. कमलाक्षीला आवडेल ही चटणी. तुम्ही सगळी संपवू नका."

मी हात धुऊन माझ्या पानावर बसलो.